टोमॅटोंवर पाणी

"मेले," बाबा म्हणाले.

"त्यांना म्हणावं, मेले नाहीत. माना टाकल्यात," आई म्हणाली.

हे ती मला सांगत नव्हती आणि बाबांना तर मुळीच नाही. गच्चीच्या दाराशी पत्र्याच्या डब्यात टोमॅटोचं एक झाड होतं, त्याला ती सांगत होती. झाड मात्र निरोप घेण्याच्या स्थितीत नव्हतं. त्याची पानं चुरगळलेल्या बसच्या तिकिटासारखी झाली होती आणि शेंड्यानं डब्याच्या कडेवरून खाली वाकून जमीन गाठली होती. बाकीच्या डब्यांतही तेच. रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, एक फुटका माठ, आणि प्रत्येकात एकेक टोमॅटो मान खाली घालून उभा. वर्गाबाहेर काढलेली मुलं उभी असतात तसा.

मे महिना, मिरज, दुपार. आम्ही तिघं दिगूमामाच्या मुलीचं लग्न उरकून गडहिंग्लजहून नुकतेच आलो होतो. बॅगा खाली पॅसेजमध्ये टाकून, पाणीसुद्धा न पिता, थेट गच्चीवर. कारण घरातल्या तिघांनाही एकच काळजी होती, आणि ती टोमॅटोंची आहे असं तिघंही दाखवत होतो.

आता हे समजायला थोडं मागं जावं लागेल. आमच्या घरात तेव्हा अबोला चालू होता. शिमग्यापासून. आई-बाबा एकाच टेबलावर जेवायचे आणि आई मला म्हणायची, "बाबांना विचार, भात वाढू का." बाबा आईच्या समोर बसून मला सांगायचे, "म्हणावं, अर्धी मूद." पहिले काही दिवस मी हे काम इमानदारीनं केलं. मग माझी परीक्षा आली आणि मी राजीनामा दिला. म्हटलं, मी बी.कॉम.ला आहे, पोस्टात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गच्चीवर कपडे वाळत घालताना मला ऐकू आली. "सांगा त्यांना, गॅस संपत आलाय." मी डोकावून पाहिलं. समोर टोमॅटोचं झाड होतं. पलीकडे, बरोबर चार हातांवर, बाबा दात घासत उभे. त्यांनी चूळ भरली, झाडाकडे वळले आणि म्हणाले, "म्हणावं, नंबर लावलाय."

तेव्हापासून टोमॅटो आमच्या घरचं टेलिफोन एक्स्चेंज झाले. मुळात ते कुणी लावलेसुद्धा नव्हते. आईनं एक सडका टोमॅटो रंगाच्या बादलीतल्या मातीत भिरकावला होता, तो उगवला. बाबांनी मग रोपं वेगळी करून डब्यांत लावली. बाबांचं खाली चष्म्याचं दुकान. त्यांनी झाडांना नंबरांची नावं ठेवली. उंच वाढलेला प्लस टू. ज्याला काठीशिवाय उभं राहता येत नाही तो मायनस फोर. आईची नावं वेगळी होती. मायनस फोरला ती वन्सं म्हणायची, कारण तो सगळ्यांच्या अंगावर रेलायचा. झाडं भराभरा वाढली. दिवसभर कुणी तुमच्याशी इतकं बोललं तर तुम्हीही वाढाल.

लग्नाला निघायच्या आदल्या आठवड्यात आई वन्संना म्हणाली, "तुमचा बहर संपला की मी दिगूकडे जाऊन राहणार. त्याची वरची खोली रिकामीच आहे. इथं माझं काय अडलंय."

बाबा पलीकडे काठीला सुतळी बांधत होते. मी जिन्यात थांबले. सुतळीची गाठ बसली, सुटली, पुन्हा बसली.

"तिला म्हणावं, बरं," बाबा म्हणाले.

एवढंच. बरं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "असं बरं की असं?" विचारणाऱ्या माणसाचा हा शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झालेला होता. पण आईनं तो जसाच्या तसा उचलला आणि गच्चीवरून खाली नेला. वाळलेले कपडे तिथंच राहिले.

तर असे हे टोमॅटो. आणि आता ते माना टाकून उभे.

"बसरगे सरांना सांगून गेलो होतो की," बाबा मला म्हणाले.

बसरगे सर म्हणजे दुकानामागच्या खोलीतले आमचे भाडेकरू. जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलेलं. त्यांना हाक मारल्यावर ते धोतराचा सोगा धरून गच्चीवर आले, झाडांकडे पाहिलं आणि आदरानं क्षणभर उभे राहिले. कुणाच्या अंत्यदर्शनाला आल्यासारखे.

"सर, अहो, पाणी नाही घातलंत?"

"नाही," सर म्हणाले. "तुमच्या इच्छेप्रमाणे."

"माझ्या?"

"कुंभोजकर, मी लग्नघरी फोन केला होता. विचारलं, टोमॅटोंचं काय करू? मागं बँड वाजत होता. तुम्ही स्पष्ट म्हणालात, 'सर, टोमॅटोंवर पाणी सोडा.'"

"मग?"

"मग सोडलं."

"कुठं सोडलं? माती खडखडीत आहे!"

सरांनी बाबांकडे करुणेनं पाहिलं. "एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे तिच्यावरचा हक्क टाकणं. तिची आशा सोडणं. मी म्हटलं, घरात हे असं चाललंय, माणूस विरक्त झाला असेल. मला वाईट वाटलं. पण तुमच्या निर्णयात मी कोण पडणार?"

"अहो सर, नळीनं पाणी सोडा म्हणत होतो मी!"

"नळीचा उल्लेख नव्हता."

"टोमॅटोंवर नळीनंच सोडतात!"

"'टोमॅटोंना पाणी घाला' म्हणाला असतात तर घातलं असतं," सर शांतपणे म्हणाले. "तुम्ही 'वर' वापरलंत. 'वर' आणि 'सोडणे' शेजारी आले की अर्थ बदलतो, कुंभोजकर. हे मी आठवीच्या कितीतरी तुकड्यांना शिकवलंय."

मला हसू येत होतं. मी आईकडे पाहिलं आणि ते गेलं. आई हसत नव्हती. ती वन्संचं एक पान बोटांत धरून उभी होती. पानाचा चुरा झाला.

"तोंडून तसंच निघालं असेल," ती झाडाला हळूच म्हणाली. "सोडलंच असेल. कुणी सांगावं."

आणि ती खाली गेली. मी मागोमाग गेले तेव्हा तिनं माझी बॅग उघडली, बाबांची उघडली, मळके कपडे काढून भिजत घातले. स्वतःची बॅग पॅसेजमध्ये होती तशीच ठेवली.

"उघडत नाहीस?"

"कशाला? रविवारी दिगू गुडघे दाखवायला इथं दवाखान्यात येतोय. त्याच्याच गाडीनं जाईन." तिनं साबणाचा चुरा पाण्यात ढवळला. "बहर संपला की, शरू. बघितलास ना."

मी परत वर गेले. बाबा उकिडवे बसून खिशातल्या छोट्या टॉर्चनं मायनस फोरच्या पानाखाली उजेड पाडत होते, गिऱ्हाइकाची बाहुली बघतात तसे. मग त्यांनी खोडावर नखानं बारीक ओरखडा काढला.

"हिरवं आहे," ते म्हणाले. "आत हिरवं आहे, शरू. हा जिवंत आहे."

"आई रविवारी चाललीये."

"ऐकलं." त्यांनी टॉर्च बंद केला, चालू केला, बंद केला. "तांब्या आण."

पण पाणी घातलं तरी झाड पीत नव्हतं. वरून ओतलेलं पाणी मातीच्या आणि डब्याच्या मधून सरळ खाली उतरायचं आणि भोकातून बाहेर यायचं. माती आक्रसून दगड झाली होती. ती पाणी प्यायचं विसरली होती. दुसरा तांब्या, तेच. पाणी आमच्या पायांखालून चालत गच्चीच्या कोपऱ्यात गेलं आणि पन्हाळीतून बसरगे सरांच्या दारात पडलं. खालून सरांचा आवाज आला, "आता सोडताय का?"

बाबांनी माती बोटानं ठोकून पाहिली. मग म्हणाले, "दुकानातला स्पंज. वाळून कडक झाला की वरून पाणी घातलेलं घेतच नाही. बशीत ठेवावा लागतो. मग खालून ओढतो, त्याच्या त्याच्या वेळानं."

म्हणून आम्ही घरातली सगळी पसरट भांडी वर नेली. पितळी परात, कपड्यांचे टब, माझं लहानपणीचं अंघोळीचं घंगाळ. त्यांत थोडं थोडं पाणी भरलं आणि एकेक डबा आत ठेवला. माझ्या घंगाळात वन्सं बसल्या. सगळी झाडं अशी पाण्यात पाय सोडून बसली आणि गच्चीवर एकदम नदीकाठची शांतता आली. मागच्या गल्लीत सतार करणाऱ्यांची दुकानं आहेत. तिथं कुणीतरी एकच तार लावत बसलं होतं. सूर यायचा, जवळजवळ बरोबर असायचा, मग केसभर खाली घसरायचा. पुन्हा पहिल्यापासून. मातीतून बारीक बुडबुडे वर येत होते.

"पितंय," बाबा कुजबुजले.

आता प्रश्न उन्हाचा होता. गच्ची तव्यासारखी तापलेली. जुनं जाड ब्लँकेट बांधून पाहिलं तर खाली भट्टी झाली. बाबा म्हणाले, "पातळ पाहिजे. सुती. हवा खेळेल असं."

आमच्या घरात पातळ, सुती, हवा खेळेल असं एकच काही होतं. ते आईच्या बॅगेत होतं; लग्नाला निघताना तिनं घरात नेसायच्या साड्याही त्यात भरल्या होत्या.

आई पॅसेजमध्ये बॅगेशेजारी बसून चिंचा फोडत होती. मी समोर जाऊन बसले.

"साडी हवीये."

"तुला?"

"पेशंटला. सावली करायचीये."

"धोतरं न्या सरांची."

"सर म्हणाले, नेसलेलं एक आणि वाळत असलेलं एक. तिसऱ्याचा उल्लेख नाही."

आईच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिनं तो आवरला. चिंचोका बाजूला टाकला. हात पदराला पुसले. मग बॅगेची चेन ओढली, अगदी थोडी, हात जाईल एवढीच. आत चाचपून एक विटकी मोरपंखी साडी काढली.

"ही जुनी आहे," ती म्हणाली. "ही न्या. एकच." आणि चेन परत लावली.

ती साडी आम्ही पाण्याच्या टाकीपासून टीव्हीच्या जुन्या दांड्यापर्यंत बांधली. बाबांनी एक टोक वर केलं, खाली केलं, आणि सवयीनं प्लस टूला विचारलं, "असं बरं की असं?"

उत्तर जिन्यातून आलं. "सांगा, पहिलं होतं तेच बरं होतं." पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं. पायऱ्यांवर फक्त चिंचेचा वास.

तेव्हा मी ठरवलं, हे थांबवायला हवं. आजारी झाडांवर इतका ताण बरा नव्हे. आमचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. इथं रस्त्यावरच्या कुत्र्यालाही 'भेटायची वेळ' म्हणजे काय हे माहीत असतं. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहून गच्चीच्या दाराला लावलं: पेशंटशी बोलू नये. ओठांवर बोट ठेवलेली नर्सही काढली. ती शिट्टी वाजवत असल्यासारखी दिसत होती.

दोघांनी पाटी वाचली. दोघांनी पाळली. आणि मग आमच्या घरात जी शांतता झाली तशी मी त्याआधी ऐकली नव्हती. अबोल्यात निदान निरोप होते. आता चहा झाला की तो फक्त टेबलावर यायचा. गॅस, भाजी, दुधाची पिशवी, सगळं आपापलं घडायचं. घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. आम्ही तिघं त्यात सावकाश पोहत होतो आणि एकमेकांना न लागता वळत होतो.

ऊन रोज थोडं सरकायचं. मोरपंखी सावली सुटून दोन झाडं उन्हात यायची. मी खाली जायचे, आई काही न विचारता चेन ओढायची. एक पिवळी, कुंकवाच्या काठाची. एक धुऊन धुऊन चंद्रासारखी पांढुरकी झालेली. मग इरकल. "ही नको, ही चांगली आहे," असं म्हणत तिनं ती माझ्या हातात दिली. चेन दर वेळी थोडी जास्त उघडायची आणि थोडी कमी मिटायची.

गच्चीवर आता दुपारी वेगवेगळ्या रंगांच्या खोल्या व्हायच्या. पिवळ्या खोलीत पानं पिवळी, मोरपंखी खोलीत निळी. वारा आला की भिंती पोटातून श्वास घ्यायच्या. मी सतरंजी टाकून तिथंच आडवी व्हायचे आणि तार लावणारा तार लावत असायचा.

अशाच एका दुपारी मला झोप लागली. स्वप्नात टोमॅटो बाबांच्या दुकानात रांगेनं बसले होते. प्रत्येकाला चष्मा. समोर अक्षरांचा तक्ता. वन्सं सगळ्यात शेवटची ओळ धडाधड वाचत होत्या, आणि ती ओळ म्हणजे आई-बाबांचे निरोप होते. गॅस, अर्धी मूद, लाइट बिल. "सगळे पोचवले," त्या म्हणाल्या, "एक सोडून. हा इथंच पडलाय. तुझ्या बाबांचा 'बरं'. याचं पुढचं काही आलंच नाही, मग अर्धा कसा द्यायचा?" मी म्हटलं, पण तो पोचला की. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अर्धाच पोचला. तक्रार आमच्याकडे नको."

जाग आली तेव्हा कुणीतरी कात्री चालवत होतं. डोळे किलकिले करून पाहिलं. पांढुरक्या साडीखाली आई बसली होती आणि वन्संची करपलेली पानं एकेक करून कापत होती. झाडाच्या दुसऱ्या बाजूनं बाबा खोड धरून बसले होते, ते हलू नये म्हणून. दोघांमध्ये एक टोमॅटो. कुणी बोलत नव्हतं, पाटी होती ना. आई एक पान कापायची आणि बाबा झाड इतकंसं फिरवायचे, पुढचं पान समोर येईल असं. तिला सांगावं लागत नव्हतं. मी डोळे परत मिटून घेतले. काही गोष्टी झोपेतच बघायच्या असतात.

रविवारी सकाळी मी वर गेले तर माना वर होत्या.

सगळ्यांच्या नाही. प्लस टू गेला. सगळ्यात उंच होता, सगळ्यात आधी गेला. पण बाकीचे उभे होते. फुटक्या माठातल्या झाडाला कापलेल्या जागेखालून मुंगीएवढा पोपटी कोंब आला होता. आणि वन्सं, ज्या आयुष्यात कधी सरळ उभ्या राहिल्या नव्हत्या, त्या काठीला न टेकता उभ्या होत्या.

बाबा आधीच आलेले होते. हातात तांब्या, समोर वन्सं, अंगावर इरकलीचा जांभळा उजेड. आई जिन्याच्या दारात आली आणि पाटीपाशी थांबली. आणि नेमका तेव्हाच खाली गाडीचा हॉर्न वाजला. दिगूमामा हॉर्न एकदा वाजवत नाही. तो वाजवायला लागतो.

"अक्काऽऽ! निघायचं ना? डॉक्टर म्हणाला, गुडघा काय नाही, वजन आहे!"

आई हलली नाही. बाबाही हलले नाहीत. तांब्यातल्या पाण्याचा कवडसा वरच्या साडीवर नाचत होता. मग बाबा हळूच वन्संकडे वाकले.

"तिला म्हणावं..."

"वन्संना कशाला सांगता?" आई म्हणाली. "त्यांना अजून बरं नाही. मला सांगा."

मागच्या गल्लीतली तार वाजायची थांबली. सूर लागला की कारागीर नाश्त्याला गेला, कोण जाणे.

बाबांनी तांब्या खाली ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, घातला. आईकडे पाहिलं. शिमग्यापासून पहिल्यांदा तिचा नंबर तपासत असल्यासारखं.

"मी तेव्हा 'बरं' म्हणालो होतो ना," ते म्हणाले.

"म्हणाला होतात."

"ते अर्धं होतं."

"मग उरलेलं कुठंय?"

"बरं..." बाबांचा आवाज घसरला. त्यांनी तो पुन्हा वर घेतला. "बरं वाटणार नाही मला. तू गेलीस तर."

खालून हॉर्न. "अक्काऽऽ!"

आई वन्संपाशी आली. डब्यातल्या मातीत बोट खुपसून पाहिलं. बोट ओलं झालं.

"आणि हे?" ती बोटाकडे बघत म्हणाली. "पाणी सोडलंत?"

"सोडलं नाही," बाबा म्हणाले. "घातलं."

आईनं मान हलवली. मग कठड्यापाशी गेली आणि खाली वाकली. "दिगू, हॉर्न बंद कर. नाही यायचं मला."

"का? काय झालं?"

"नेसायला काही नाही. सगळ्या साड्या कामावर आहेत. वर ये, चहा टाकते."

ती जिन्याकडे वळली, दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"अहो, चहात आलं घालू का?"

बाबांनी सवयीनं वन्संकडे पाहिलं. वन्सं काही बोलल्या नाहीत.

"घाल," बाबा म्हणाले.